ठिपकेवाली

वरठीच्या रेल्वे स्टेशनावर वरठीचे नाव नाही. फलकावर लिहिले आहे 'भंडारा रोड', कारण मुंबई-नागपूर-हावडा मार्गावरून भंडारा शहराला जायचे तर इथेच उतरायचे. गावाला लागून पोलादाचा मोठा कारखाना आहे, आणि वस्ती मागे पडली की धानाच्या बांध्या सुरू होतात. सप्टेंबर संपत आलेला असतो, पाऊस उघडून हवा कोंदट झालेली असते, तेव्हा संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान या भागातल्या कुठल्याही दिव्याखाली थोडा वेळ उभे राहावे. अंगणातला बल्ब चालेल, किराणा दुकानाची ट्यूबलाइट चालेल. पांढरी चुन्याची भिंत असेल तर उत्तमच.

भिंतीवर जे काही येऊन बसते त्यात पहिल्या नजरेला सगळाच कचरा वाटतो. हिरवे तुडतुडे असतात, पावसाळी किडे असतात, तपकिरी पाखरे असतात. पण दहा मिनिटे नजर स्थिर ठेवली की त्यातून एकेक आकृती वेगळी होऊ लागते. मला त्यातली एक हवी असते. पंख मिटून बसलेली, हळदीच्या फिक्या रंगाची, जेमतेम दीड सेंटिमीटर लांबीची. दोन्ही पंख पाठीवर उतरत्या छपरासारखे टेकवलेले, तोंडाकडचा भाग चोचीसारखा पुढे आलेला. आणि प्रत्येक पंखाच्या मध्याजवळ, जणू कुणी सुईच्या टोकाने शाई टेकवली असावी तसा, एकच काळा ठिपका.

हा पिवळ्या खोडकिड्याचा पतंग. अधिक नेमके सांगायचे तर मादी. असा ठसठशीत ठिपका तिच्याच पंखावर असतो. शेजारी बसलेला नर पाहिला तर तो दुसऱ्याच जातीचा वाटेल. आकाराने लहान, रंग फिका तपकिरी, मळकट. त्याच्या पंखाच्या कडेने बारीक गडद टिंबांची रांग असते, पण ती पाहायला भिंग लागते. पंख पसरले तर मादी साधारण अडीच ते साडेतीन सेंटिमीटर भरते आणि नर दोन सेंटिमीटरच्या आसपास.

एकदा अशाच एका संध्याकाळी मी भिंतीला नाक लावून उभा असताना एका वयस्कर शेतकऱ्याने विचारले, काय पाहता? मी ठिपकेवाली दाखवली. त्यांनी वाकून पाहिले आणि म्हणाले, "हे पाखरू काही करत नाही जी. आमच्या बांधीत लय उडतात." त्यांचे म्हणणे शब्दशः खरे आहे. हे पाखरू धानाला दात लावत नाही. त्याचे मुखांग इतके अविकसित असते की पतंग झाल्यावर ते काही खातच नाही. अळी असताना साठवलेल्या चरबीवर पाच-सात दिवस जगते, जोडीदार शोधते, अंडी घालते आणि मरते. धानाचे जे नुकसान होते ते अळी करते, आणि अळी खोडाच्या आत असते. त्यामुळे पाखरू आणि खोडकिडा ही एकाच जिवाची दोन रूपे आहेत हे नुसत्या डोळ्यांना जोडता येत नाही. ते आधी माहीत असावे लागते.

पुढचे सगळे प्रकरण या एका ठिपक्याभोवती आहे. या किड्याचे जवळजवळ सगळे आयुष्य पोकळ खोडाच्या अंधारात जाते. तो उघड्यावर येतो तो काही दिवस, तेही रात्री. तेवढ्या वेळात तो ओळखायचा तर खूण एकच आहे, आणि ती धानाच्या दाण्यापेक्षाही लहान आहे.

आधी नावाबद्दल. मराठीत आपण त्याला खोडकिडा म्हणतो, म्हणजे तो कुठे राहतो ते सांगतो. जपानी शेतकऱ्यांनी त्याचे नाव ठेवताना वर्षातल्या पिढ्या मोजल्या. वर्षाला तीन पिढ्या होणारा म्हणून तो तिथे 'सांका-मेइचू', तर दोन पिढ्यांचा त्याचा चुलतभाऊ 'निका-मेइचू'. शास्त्रीय नाव स्किर्पोफागा इन्सर्ट्युलास. यातल्या पहिल्या शब्दाचा अर्थ होतो लव्हाळे खाणारा. आपला किडा मात्र लव्हाळ्याच्या वाटेला जात नाही. धान हेच त्याचे अन्न आणि धान हेच त्याचे घर. दुसऱ्या शब्दाच्या मुळाशी 'अनिश्चित' असा लॅटिन शब्द आहे, आणि तो या पतंगाच्या कागदोपत्री इतिहासाला अगदी साजतो. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये फ्रान्सिस वॉकर नावाचे कीटकतज्ज्ञ जगभरातून आलेल्या टाचणी टोचलेल्या नमुन्यांची सूची करत होते. हजारो कीटकांना त्यांनी नावे दिली. १८६३ साली त्यांनी याच एका जातीला वेगवेगळी नावे दिली, आणि त्याच वर्षी झेलर या जर्मन तज्ज्ञानेही आणखी दोन नावांनी तिचे वर्णन केले. वॉकर यांच्या नावांपैकी एक 'बायपंक्टिफेरा' होते, म्हणजे दोन ठिपके वाहणारी. नर आणि मादी इतके निराळे दिसणाऱ्या पतंगाच्या बाबतीत, समोर फक्त वाळलेले नमुने असताना, असा घोळ होणे साहजिक होते. जुन्या शेतकीच्या पुस्तकांत 'शीनोबियस बायपंक्टिफर' हे नाव बराच काळ टिकून राहिले. मला व्यक्तिशः तेच जास्त आवडते. नियमाने ते आज बाद असले तरी त्यात निदान तिच्या अंगावरची खूण होती.

आता पंख जवळून पाहू. मादीला हळूच बोटात धरले तर बोटाला पिवळी पूड लागते. ही पूड म्हणजे खवले. पतंग आणि फुलपाखरे ज्या गणात येतात त्याला खवलेपंखी म्हणतात ते याच खवल्यांमुळे. पंख मुळात पारदर्शक पडद्याचा असतो, माशीच्या पंखासारखा. त्यावर हे खवले ओळीने बसवलेले असतात, एकाची कड दुसऱ्यावर चढलेली. विदर्भातल्या जुन्या घरावर कवेलू घातलेले असतात ना, तसेच. प्रत्येक खवला एका पेशीपासून तयार होतो आणि बहुधा एकाच रंगाचा असतो. पिवळा खवला पूर्ण पिवळा, काळा खवला पूर्ण काळा. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली आपला ठिपका गोल राहत नाही. पिवळ्या कवेलूंच्या छपरावर मध्येच काही काळे कवेलू बसवावेत तसा तो दिसतो, कडा थोडी दातेरी.

काळेपणा येतो मेलॅनिनमुळे. आपल्या केसांत आणि कातडीत जे रंगद्रव्य असते त्याच कुळातले हे. कुठल्या पेशीने मेलॅनिन करायचे आणि कुठल्या पेशीने नाही, हे पंख पूर्ण होण्याच्या आधीच ठरते. पंखाच्या शिरांनी मध्यभागी एक लांबट कप्पा आखलेला असतो. आपला ठिपका या कप्प्याच्या टोकाशी, खालच्या कोपऱ्यात असतो. ही जागा अपघाताने आलेली नाही. असंख्य पतंगांच्या पंखांवर नेमक्या याच कप्प्याच्या टोकाशी काहीतरी खूण असते. कुणाला तिथे टिंब असते, कुणाला चंद्रकोर, कुणाला मोठा डोळा.

मोठा डोळा पाहायचा असेल तर वरठीच्याच मोहाडी तालुक्यात आंधळगाव आहे. कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या कापडासाठी हे गाव प्रसिद्ध आहे. हा कोसा ज्याच्या कोषातून येतो तो पतंग ऐन आणि अर्जुनाच्या पानांवर वाढतो, आणि विदर्भात त्याचे संगोपन पिढ्यान्‌पिढ्या ढिवर समाजाने केले आहे. त्या पतंगाचा पंखविस्तार वीतभर असतो. चारही पंखांवर एकेक गोल चांदवा असतो आणि त्याच्या मध्यभागी खवलेच नसतात. तिथे पंख काचेसारखा आरपार दिसतो. खोडकिड्याच्या मादीने जिथे काळे खवले दाट केले आहेत, जवळजवळ त्याच जागी कोशाच्या पतंगाने ते काढून टाकून खिडकी ठेवली आहे. एक रेशीम देतो, दुसरा धान नेतो. तालुका एकच, आणि पंखाची आखणीही मुळात एकच.

खवल्यांचा उपयोग रंगापुरता नसतो. कोळ्याच्या जाळ्यात पतंग अडकला तर चिकट धाग्याला खवले चिकटतात आणि पतंग त्यांना सोडून निसटतो. वटवाघळाचा धोका याहून मोठा. वटवाघूळ अंधारात ध्वनीच्या प्रतिध्वनीवर शिकार शोधते. ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० साली दाखवून दिले की पतंगाच्या पंखावरचे खवले हा ध्वनी शोषून घेतात, त्यामुळे परत जाणारा प्रतिध्वनी मंदावतो. त्यांनी अभ्यासलेल्या जातींत चिनी टसरचा पतंग होता, म्हणजे आपल्या कोशाच्या पतंगाचा सख्खा नातेवाईक. त्याला कान नसतात, म्हणून हे पांघरूणच त्याचे संरक्षण. खोडकिड्याच्या कुळाला मात्र कान आहेत आणि ते डोक्यावर नसून पोटाच्या सुरुवातीला, खालच्या बाजूला आहेत. वटवाघळाची हाक त्यांना ऐकू येते. बांधीवर उडता उडता एखादे पाखरू अचानक दगडासारखे खाली पडताना दिसले तर त्यामागे हे कारण असू शकते.

पंखावरच्या खुणांचा विषय निघाला की इंग्लंडच्या एका पतंगाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पांढऱ्या पंखांवर मिरी भुरभुरावी तसे ठिपके असलेला हा पतंग. १८४८ साली कारखान्यांच्या मँचेस्टर शहरात त्याचा पूर्ण काळा नमुना सापडला. पुढच्या पन्नास वर्षांत, धुराने काळवंडलेल्या झाडांवर, काळेच बहुसंख्य झाले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हवा स्वच्छ होऊ लागल्यावर ते पुन्हा कमी झाले. २०१६ साली त्या काळेपणाचे जनुकीय कारण सापडले. डीएनएचा एक उपटसुंभ तुकडा एका ठिकाणी घुसला होता, आणि तो एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात घुसला असावा असा हिशोबही मांडता आला. एवढीशी बाब, पण पंखाचा अख्खा रंग तिने बदलला. त्या पतंगाने शास्त्रज्ञांना उत्क्रांती डोळ्यांदेखत दाखवली. आपल्या ठिपकेवालीचे काम वेगळे. ती शेतकऱ्याला येणारे तीन आठवडे दाखवते.

ते कसे, हे कळायला रात्रीच्या दिव्यापासून बांधीत जावे लागेल.

मादी धानाच्या पानाच्या शेंड्याजवळ अंडी घालते. पन्नासपासून दीडशेपर्यंत अंडी एका पुंजक्यात. घालून झाल्यावर ती स्वतःच्या पोटाच्या टोकावरचे मऊ भुरे केस काढून त्यावर पसरते. पुंजका जेमतेम धानाच्या दाण्याएवढा लांबट दिसतो, फिक्या बदामी लोकरीचा तुकडा चिकटवल्यासारखा. हिरव्या पानावर तो एकदा ओळखीचा झाला की मग सहज दिसतो, पण ओळखीचा होईपर्यंत शंभरदा नजरेतून सुटतो. आठवडाभरात अंडी फुटतात. सुईच्या अग्राएवढ्या अळ्या बाहेर येतात आणि लगेच पांगतात. काही रेशमाचा धागा सोडून त्याला लोंबकळतात आणि वाऱ्याबरोबर शेजारच्या धानावर जातात. काही पाण्यात पडतात आणि तरंगत दुसऱ्या चुडाला लागतात. मग पानाच्या आवरणातून आत शिरतात आणि खोड पोखरतात. एका खोडात बहुधा एकच अळी राहते. रंगाने ती पिवळसर पांढरी असते, डोके तपकिरी. तीन ते पाच आठवडे ती आतला गर खात राहते.

बाहेर काय दिसते? धान लहान असेल, फुटवे फुटण्याच्या काळातले, तर मधला पोंगा पिवळा पडून वाळतो. त्याला गाभेमर म्हणतात. वाळलेला पोंगा चिमटीत धरून ओढला तर अलगद हातात येतो आणि त्याचे बूड कुरतडलेले दिसते. ही परीक्षा लक्षात ठेवावी, कारण भंडाऱ्यात गादमाशीही फार, आणि तिच्या प्रादुर्भावात पोंगा वाळत नाही, कांद्याच्या पातीसारखी चंदेरी नळी होते. दोन्हींना 'रोग आला' असे एकच नाव दिले की औषधही चुकते.

गाभेमर झालेला चूड बहुतेकदा सावरतो. धान बाजूने नवे फुटवे काढून नुकसान भरून काढते, म्हणून सुरुवातीचे दोन-चार वाळलेले पोंगे पाहून घाबरण्याचे कारण नसते. खरा घाला लोंबी निसवताना पडतो. तेव्हा अळीने खोड आतून तोडले की वर जाणारे अन्नपाणीच थांबते. लोंबी बाहेर येते ती पांढरी, पोकळ. भरलेली लोंबी वजनाने वाकते, ही मात्र सरळ उभी राहते. पांढरी लोंबी लांबून, धुऱ्यावरूनसुद्धा दिसते. साऱ्या हिरव्या-पिवळ्या बांधीत ती तेवढीच ताठ मानेने उभी असते आणि तिच्यात एकही दाणा नसतो. ज्याने रोवणीसाठी कर्ज काढले आहे त्याला ते दृश्य कसे वाटते हे मी पाहिले आहे. त्याबद्दल जास्त लिहिणार नाही.

पांढरी लोंबी दिसताच माणूस फवारणीचा पंप पाठीवर घेतो. मला इथे स्पष्ट सांगायचे आहे की त्या फवारणीचा उपयोग नाही. पांढरी झालेली लोंबी पुन्हा भरत नाही. आतली अळी एक तर खोडाच्या बुडाशी कोषात गेलेली असते, नाही तर पतंग होऊन उडून गेलेली असते. औषधाचे पैसे गेले, आणि ज्यांनी मदत केली असती ते मित्रकीटकही गेले. जे करायचे होते ते तीन-चार आठवडे आधी, भिंतीवर ठिपकेवाली दिसू लागली तेव्हा करायचे होते.

म्हणून पाखरे मोजायची. त्यासाठी दोन प्रकारचे सापळे वापरतात, आणि ठिपक्याच्या दृष्टीने दोन्हींत मोठा फरक आहे.

प्रकाश सापळा म्हणजे रात्री लावलेला दिवा आणि त्याखाली साबणाचे किंवा रॉकेल टाकलेले पाणी. त्यावर नर आणि मादी दोन्ही येतात. सकाळी पाण्यावर तरंगणारी पाखरे पाहिली की ठिपकेवाल्या किती आणि बिनठिपक्याचे किती हे मोजता येते. अंडी घालणाऱ्या त्या ठिपकेवाल्याच, त्यामुळे त्यांचा आकडा महत्त्वाचा. मात्र एक गोष्ट सांभाळायला हवी. कोजागिरीच्या रात्री सापळ्यात पाखरे कमी सापडतात. ती बांधीत कमी झालेली नसतात. चांदणे इतके असते की दिव्याची ओढ दूरवर पोचत नाही. पौर्णिमेच्या आसपासचा कमी आकडा पाहून निर्धास्त झालेला शेतकरी चतुर्दशीच्या चंद्राने फसलेला असतो.

कामगंध सापळ्यात दिवा नसतो. त्यात मादीच्या गंधाची नक्कल केलेली गोळी असते. खरी मादी रात्री धानावर बसून हा गंध सोडते आणि नर त्या मागाने येतो. त्यामुळे या सापळ्यात फक्त नर सापडतात, ठिपका कधीच दिसत नाही. नवखा माणूस सापळा उघडून आतली मळकट पाखरे पाहतो आणि म्हणतो, ही ती नाहीत, पुस्तकात तर पिवळी ठिपकेवाली दाखवली होती. ती तीच असतात. निरीक्षणासाठी हेक्टरी पाच सापळे पुरतात. नर पकडून संख्याच कमी करायची असेल तर हेक्टरी वीस लावतात.

त्या गंधाची रचना मला या साऱ्या विषयात सर्वांत सुंदर वाटते. १९८०च्या दशकात तो उलगडला. त्यात मुख्यतः दोनच रसायने आहेत, दोन्ही सोळा कार्बनांची, एकमेकांची जुळी वाटावीत अशी. फरक इतकाच की रेणूतला दुहेरी बंध एकात अकराव्या जागी आहे आणि दुसऱ्यात नवव्या. खोडकिड्याची मादी ती तीनास एक या प्रमाणात मिसळते. आता हरभऱ्यावर आणि तुरीवर येणारी घाटेअळी आठवा, जी आपल्याकडे कापसावर हिरवी बोंडअळी म्हणूनही ओळखली जाते. तिच्या पतंगाची मादी हीच दोन रसायने वापरते, पण शंभरात सत्त्याण्णव भाग पहिले आणि तीन भाग दुसरे. द्रव्य तेच, प्रमाण निराळे. विदर्भात धानाची बांधी आणि तुरीचा धुरा शेजारीशेजारी असतात. त्या अंधारात दोन्ही गंध एकाच वाऱ्यावर असतात आणि तरी प्रत्येक नर आपल्याच मादीकडे जातो.

या नाट्यात आणखी एक पात्र आहे, डोळ्यांना न दिसणारे. टेलेनोमस नावाची अगदी बारीक गांधीलमाशी. तिला आपली अंडी खोडकिड्याच्या ताज्या अंड्यांत घालायची असतात, कारण नंतर त्यावर केसांचे पांघरूण पडते. म्हणून ती आधीच मादी पतंगाच्या पोटाच्या टोकावरच्या केसांत जाऊन बसते आणि तिच्याबरोबर उडत जाते. ठिपकेवाली पानावर अंडी घालू लागली की स्वार खाली उतरून कामाला लागतो. टेट्रास्टिकस नावाची दुसरी एक गांधीलमाशी केसांच्या पांघरुणातूनही आत पोचते, आणि तिची एकेक अळी अनेक अंडी फस्त करते. ट्रायकोग्रामा तर कार्डावर वाढवून विकतच मिळते. हेक्टरी पन्नास हजार परोपजीवींचे ट्रायकोकार्ड पानांना टाचायचे, आठवड्या-दहा दिवसांच्या अंतराने तीन-चार वेळा. बांधीवर घिरट्या घालणारे चतुर पाखरेच पकडतात, कोळी खाली पडलेल्या अळ्या टिपतात. अवेळी मारलेली एक फवारणी या सगळ्यांची गणसंख्या पुसून टाकते. खोडातली अळी मात्र तिच्यापासून सुरक्षित असते.

दर चौरस मीटरमागे एक अंडीपुंज, किंवा शंभरात पाच गाभेमर. कृषी खात्याने आणि कृषी विद्यापीठाने उपायांसाठी ठरवलेली ही पातळी. त्याच्या खाली औषधाला हात लावू नये. आणि त्याच्या आधी, रोवणीच्या दिवशीच, एक काम फुकटात होते. पऱ्ह्यातून रोपे उपटून जुड्या बांधल्या की त्यांचे शेंडे खुडून टाकायचे. मादी अंडी शेंड्याजवळच घालते, त्यामुळे पऱ्ह्यात घातलेले पुंजके खुडलेल्या शेंड्यांबरोबर निघून जातात. खुडलेले शेंडे बांधीत टाकायचे नाहीत, बाहेर नेऊन नष्ट करायचे. एवढ्या साध्या उपायासाठी बायांना रोवणी करताना चार मिनिटे जास्त लागतात. मजुरी कामाच्या हिशोबाने ठरलेली असते, म्हणून तो वगळला जातो. ती चार मिनिटे मालकाने मजुरीत धरली पाहिजेत.

पाहण्याची सवय म्हणजे काय, याचे उदाहरण शोधायला आपल्याला दूर जावे लागत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे १९८३ साली आपल्या बांधीत फिरत होते. पटेल-३ जातीच्या धानात काही लोंब्यांचे दाणे त्यांना वेगळ्या पिवळसर छटेचे दिसले. त्यांनी त्या निराळ्या ठेवल्या, पुढच्या वर्षी लावल्या, पुन्हा निवडल्या. त्यातून आलेले धान आज महाराष्ट्राबाहेरही एचएमटी म्हणून पिकते आणि खाल्ले जाते. दाण्याच्या रंगातला तो फरक हजारो लोकांच्या नजरेखालून गेला असता. पंखावरचा ठिपका त्या मानाने किती ठळक आहे!

कापणी झाली की लोकांचे बांधीकडचे लक्ष उडते. धान चुरून घरात येते, तणसाचे ढीग रचले जातात, पुढच्या कामांची घाई असते. खोडकिडा मात्र बांधीतच असतो. कापणीच्या आधीच शेवटच्या अवस्थेतल्या अळ्या खोडातून खाली, अगदी मुळाजवळ उतरतात. विळा त्यांच्या वरून जातो. धसकटात त्या हिवाळा काढतात. म्हणून कापणी जमिनीलगत करावी आणि नांगरट करून धसकटे गोळा करावी असे सांगतात. पूर्वी खरिपाच्या धानानंतर बांधीत लाखोरी येई आणि मग उन्हाळाभर जमीन कोरडी तापत असे. आता मोहाडी-तुमसर भागात बावनथडी प्रकल्पाचे पाणी आले आहे, उन्हाळी धान होते आणि घरात दोन पैसे जास्त येतात. शेतकऱ्याने ते धान लावावेच. पण ज्या किड्याला फक्त धान लागते त्याला त्यामुळे वर्षातला उपवासाचा काळ उरत नाही, आणि उष्ण हवेत दीड-दोन महिन्यांत त्याची एक पिढी पुरी होते. तेव्हा उन्हाळी पऱ्हे टाकण्याआधी खरिपाची धसकटे उचलणे हे आता पूर्वीपेक्षा जास्त गरजेचे काम झाले आहे.

डिसेंबरमध्ये एकदा वरठीच्या बाहेरच्या बांधीतून मी मूठभर धसकटे उपटून आणली आणि ब्लेडने एकेक उभी चिरली. सात कोरडी निघाली. आठव्याच्या बुडाशी पांढऱ्या रेशमाचे पातळ अस्तर होते आणि त्यात एक अळी आखडून पडली होती. भिंगाखाली धरली तेव्हा ती किंचित हलली. पंखांचा मागमूस कुठेच नव्हता. पण तिच्या छातीच्या भागात, कातडीच्या आत, चार बारीक चकत्या तेव्हाही होत्या, ज्यांचे पुढे पंख झाले असते. ठिपका अजून त्यावर उमटलेला नव्हता.